लयीचे हस्तांतर

मराठी समीक्षेने ‘लय’ या संज्ञेला मोठा मान दिला. मात्र हा मान देताना तिने लयीला बहुधा कागदावर बसवून घेतले. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त लय मात्रांच्या आणि गणांच्या हिशेबात येते. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात ती संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन नियमांच्या रूपाने सर्व कलांचे संघटनतत्त्व बनते. दोन्ही ठिकाणी लय सिद्ध झालेल्या कृतीत वास करते. तिचा शोध घ्यायचा तो कृतीच्या अंतर्गत संबंधांत. ती कोणाच्या मनगटात होती, तेथून दुसऱ्या मनगटात कशी आली आणि या प्रवासाची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राबाहेरचे मानून समाजशास्त्राकडे सोपवले गेले. ही वाटणी सोयीची आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवर गुढीपाडव्याच्या सकाळी झांज वाजवणाऱ्या एका विद्यार्थिनीपुरती मात्र ती टिकली नाही.

ती कल्याण पूर्वेला राहते आणि मराठी घेऊन एम. ए. करते. डोंबिवलीतील एका ढोल-ताशा पथकात ती दोन वर्षे आहे. पाडव्याच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर पथकाचा सराव चालतो. ठाण्याहून, मुंबईहून कामावरून परतणारी मुले-मुली स्थानकावरून थेट तेथे येतात, पाठीवरची पिशवी भिंतीशी टेकवतात आणि ढोलाची दोरी कमरेला आवळतात. तिच्या पिशवीत त्या दिवसांत मर्ढेकर असत; कारण परिसंवादासाठी तिने निबंधाचा विषय नोंदवला होता : ‘पारंपरिक वाद्यवादन : एका लोककलेचे पुनरुज्जीवन’. विषय निर्धोक होता. विभागात तो आवडला होता, पथकातही आवडला होता. या शीर्षकातील दोन शब्द पुढे तिला छळणार आहेत, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

पथकाची रचना पाहिली की मर्ढेकरांचे तीन नियम तेथे जणू उदाहरणादाखल मांडले आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. ढोलाची एक बाजू टिपरूने वाजते, दुसरी हाताच्या थापीने. पन्नास-साठ ढोल एकच ठोका धरतात आणि संवाद सिद्ध होतो. ताशाच्या दोन बारीक काड्या त्या संथ ठोक्यावर आपली तर्री अखंड पसरतात; गतीचा हा विरोध नसेल तर ढोल नुसतेच आदळतात. झांज या दोहोंमध्ये उभी असते. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. त्यांतील ढोल आणि ताशा हे चामड्याने मढवलेले, म्हणून अवनद्ध, आणि झांज धातूची, म्हणून घन. घनवाद्यांकडे भरताने तालाचे काम सोपवले आहे. रस्त्यावर मात्र झांजेकडे आणखी एक काम येते. ढोलाचे वजन पेलणाऱ्याला फार हलता येत नाही. ताशेवाल्याचे लक्ष काड्यांवर असते. अंग मोकळे असते ते झांजेचेच. पाय पुढे-मागे टाकणे, वाकून झांज जमिनीलगत नेणे, गिरकी घेऊन ती डोक्यावर उघडणे हे सारे तिच्याकडे. कोल्हापूर-सांगलीकडच्या झांजपथकांत हे नृत्यांग अधिक ठळक आहे. पुण्या-डोंबिवलीकडे ते ढोलांच्या भिंतीपुढे थोडे संकोचते. तरीही बघणाऱ्याला लय ‘दिसते’ ती बव्हंशी झांजेमुळे.

परंतु वाजवणाऱ्याला काय मिळते? पहिल्या वर्षीच तिच्या ध्यानात आले, की रांगेत उभे राहिल्यावर समग्र वादन ऐकूच येत नाही. कानांत कापसाचे बोळे असतात. ते ओलांडून पोचतो तो शेजारच्या दोन ढोलांचा आवाज आणि स्वतःच्या झांजेचा झणत्कार. ताशा मागून येतो, तोही तुटक. म्हणून ती ऐकण्यापेक्षा पाहते. पुढे उभ्या असलेल्या ताशेवाल्याचा हात वर गेला की आवर्तन बदलायचे आणि मूठ मिटली की थांबायचे. समतोल म्हणतात तो गच्चीवर उभ्या असलेल्या कुटुंबाला मिळतो. तो घडवणाऱ्या शंभरांपैकी एकालाही मिळत नाही. कृतीची अखंडता गृहीत धरणाऱ्या सौंदर्यविचाराला ही अडचण किरकोळ वाटेल. तिला ती किरकोळ वाटली नाही. निबंधाच्या पहिल्या मसुद्यात तिने लिहिले, की येथे कृती प्रेक्षकाची आहे आणि श्रम वादकाचे. आणि ‘लय’ हा शब्द या दोहोंना एकाच नावाने हाक मारतो.

डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली. गणेश मंदिर संस्थानाने तिचा पायंडा पाडला. पुढे ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या न्यासाने, कल्याणात आणि मग महाराष्ट्रातील अनेक गावांनी तिचे अनुकरण केले. म्हणजे ज्या यात्रेला आज ‘परंपरा’ म्हणतात तिचे वय पथकातील बहुतेक वादकांच्या वयाइतकेच आहे. नवे शतक उंबरठ्यावर असताना, नोकरदारांच्या आणि वाचकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या या गावाने आपल्यासाठी एक सार्वजनिक विधी घडवला. ढोल-ताशाही यात्रेत आला तो पुण्याच्या वाटेने. तेथे विसर्जन मिरवणुकीत मावळ-मुळशीकडची ग्रामीण ढोल-लेझीम पथके येत. पुढे शाळांनी, विशेषतः ज्ञान प्रबोधिनीने, मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांच्या हाती ढोल, लेझीम आणि बरची दिली आणि त्यातून शिस्तबद्ध, गणवेशधारी, स्वयंसेवी पथकाचा आजचा नमुना सिद्ध झाला. या नमुन्याने काय साधले हेही नोंदवले पाहिजे. त्याने मुलींना रस्त्यावर आणले, ढोल बांधून उभे केले. पिढीजात वादनात त्यांना ही जागा नव्हती.

२५ मार्च २०२० हा दिवस या संदर्भात आठवण्याजोगा आहे. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचाही तो पहिला दिवस होता. फडके रोड सकाळी रिकामा होता. एकवीस वर्षांची सवय मोडली तेव्हा लोकांनी ‘परंपरा खंडित झाली’ असे म्हटले, आणि खंडित झाल्यामुळेच ती परंपरा आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये ज्या ‘रचलेल्या परंपरां’चा विचार मांडला, त्यांचे हे जवळचे उदाहरण. पण रचलेली म्हणजे खोटी, असा सोपा निष्कर्ष तेथून निघत नाही. विठ्ठलाच्या वारीतील टाळ-मृदंगाची पावलीही कोणी तरी, केव्हा तरी प्रथम टाकलीच असणार. प्रश्न रचण्याचा नाही. रचताना साहित्य कोठून आणले, याचा आहे.

‘पारंपरिक वाद्य’ हा शब्दप्रयोग आज सर्वाधिक आढळतो तो पोलिसांच्या सूचनांत आणि वर्तमानपत्री बातम्यांत. तेथे त्याचा अर्थ विरोधातून ठरतो : पारंपरिक म्हणजे डीजे नव्हे ते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. मोजणाऱ्या यंत्राला परंपरा कळत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला निकाल सण-उत्सवांतील आवाजाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्याच्या गणेशोत्सवातील पथकांच्या वादकसंख्येवर तीसची मर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. या साऱ्या वादात ‘पारंपरिक’ हे विशेषण एखाद्या परवान्यासारखे वापरले जाते. आजारी माणसाच्या खिडकीखालून साठ ढोल जातात तेव्हा त्याला होणारा त्रास खराच असतो. पण त्या त्रासापुढे धरला जाणारा हा परवाना कोणाच्या नावाने काढलेला आहे, हे कोणी विचारत नाही.

शब्दांचा माग काढला तर नावे दिसू लागतात. फारसीतील ‘तास’ म्हणजे उथळ पात्र, कटोरा. ‘ताशा’ त्याच घराण्यातला. वेळ मोजणारा मराठी ‘तास’ही त्याच पात्राशी बांधलेला. मोहरमच्या ताबुतांपुढे ताशे वाजत, आणि एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईत ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदूही मोठ्या संख्येने सामील होत. १८९३ च्या दंगलींनंतर हा सहभाग आटला, गणेशोत्सव सार्वजनिक झाला, मेळे निघाले. मिरवणूक बदलली, वाद्य तेच राहिले. १८४५ पासून करारबद्ध मजुरांच्या जहाजांतून हेच वाद्य त्रिनिदादलाही पोचले. तेथील ‘तासा’ वादनात मातीच्या पात्रावर बकऱ्याचे कातडे मढवतात, वाजवण्यापूर्वी ते जाळावर शेकतात, आणि सोबत मोठा ढोल आणि पितळी ‘झांज’ असते. तेथे ते मोहरममध्ये वाजते आणि हिंदूंच्या लग्नांतही. ढोल, ताशा, झांज ही त्रयी सातासमुद्रापार जाऊनही फुटली नाही. ज्या वाद्याच्या पोटात इतकी माणसे आहेत त्याला एखाद्या एकाच समूहाच्या ओळखीची खूण म्हणून मिरवताना थोडा संकोच वाटायला हवा. देशीयतेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेनेही हे ध्यानात घ्यावे, की देशी ठरण्यासाठी कोणतीही गोष्ट आधी कोठून तरी यावी लागते.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात ती दादर स्थानकाबाहेर थांबली. ग्रामीण भागातील ढोल-ताशेवाले तेथे दरवर्षी येऊन उभे राहतात. ताशा गळ्यात, ढोल पायाशी. मंडळाची माणसे येतात, भाव ठरतो, टेम्पो निघतो. ज्यांना काम मिळत नाही ते तेथेच पथारी टाकतात. मराठवाड्यातून आलेल्या एका पन्नाशीच्या ताशेवाल्याशी ती बोलली. पथकात ताशाचे आणि ढोलाचे ठरीव बोलबंध असतात, त्यांना ‘हात’ म्हणतात : पहिला हात, दुसरा हात, गावठी हात. तिने स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी गावठी हात वाजवून दाखवला. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “ताई, तुमी ह्याला काय म्हणता ते म्हणा. आमच्यात ह्याला नाव न्हाई. वरात वेशीत आली की ह्यो वाजवायचा.” “तुम्ही कुणाकडून शिकलात, काका?” या प्रश्नावर त्याने फक्त खांद्यामागे बोट दाखवले, तेथे त्याचा मुलगा ढोलाला डोके टेकून झोपला होता. त्याला बहुधा म्हणायचे होते, की हे असे खाली जाते, तसेच वरून आले.

हा संवाद निबंधात कसा आणावा, हे तिला कळेना. मात्र त्याने शब्दांकडे बघण्याची तिची दृष्टी बदलली. पथकात वाजवणारा तो ‘वादक’; स्थानकाबाहेर उभा तो ‘वाजंत्री’ किंवा नुसता ‘ताशेवाला’. पथकाला देतात ते बहुधा ‘मानधन’, त्याला देतात ती ‘सुपारी’. पथकाचा ‘सराव’ असतो. त्याच्या बाबतीत त्या क्रियेला नावच नाही, कारण तो जन्मभर तेच करत असतो. आणि ‘गावठी’ या शब्दात गावाची आठवण आहे, पण गावातल्या कोणत्या घराची, ती नाही. एका भाषेतील दोन शब्दमालिका एकाच कृतीला दोन सामाजिक दर्जे देतात. डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताची आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी कोटिव्यवस्था मांडली, तेव्हा कोटींमधील ये-जा त्यांना अपेक्षितच होती. पथकाचे वादन लोकसंगीतातून जनसंगीतात येताना दिसते. परंतु या ओलांडण्यात कृती पलीकडे जाते आणि कर्ता अलीकडेच राहतो.

तिने मसुदा पुन्हा वाचला आणि शीर्षकातील ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाशी थांबली. पुनरुज्जीवन व्हायचे तर आधी मरण यावे लागते. दादरच्या पुलाखाली जे उभे होते ते मेलेले नव्हते. मेले आहे असे गृहीत धरल्याखेरीज त्याला जिवंत करण्याचे श्रेय घेता येत नाही, एवढेच. तिने शब्द खोडला. त्या जागी तिने लिहिले : ‘हस्तांतर’. पथकाच्या बोलीतील ‘हात’ या संज्ञेशी तो जुळत होता, आणि त्याला मालमत्तेच्या व्यवहाराचा वासही होता. खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशा दोन बाजू असतात. परंपरेच्या या व्यवहारात लिहून घेणाऱ्यांची नावे फलकांवर, टोप्यांवर, चित्रफितींवर आहेत. लिहून देणाऱ्याची बाजू कोरी आहे. एका संज्ञेने निबंधाला कणा मिळाला, असे तिला वाटले.

या प्रश्नाची जात केवळ मराठी नाही. उत्तर चीनमध्ये ‘यांगगे’ नावाचे ढोल, थाळे आणि झांजांच्या गजरावर चालणारे ग्रामीण सामूहिक नृत्य आहे. येनान येथे १९४२ मध्ये माओने कला आणि साहित्याविषयी व्याख्याने दिली, आणि पुढच्याच वर्षी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी यांगगे हाती घेतले. त्यातील चावट सोंगे गाळली, विदूषक हटवले, म्होरक्याच्या हातातील छत्रीच्या जागी कोयता-हातोडा दिला. लय शेतकऱ्यांची राहिली, अर्थ पक्षाचा झाला. त्याच प्रदेशातील आनसाइचे कमरेला ढोल बांधून केलेले नृत्य चेन काइगे यांच्या ‘यलो अर्थ’ (१९८४) या चित्रपटात येते, आणि तेथे शेकडो पायांनी उडवलेल्या धुळीत उत्साह आणि भय वेगळे काढता येत नाही. १९९० च्या दशकात बेजिंगमधील निवृत्त माणसे संध्याकाळी रस्त्यांच्या कडेला यांगगे नाचू लागली आणि शेजारच्या इमारतींतून आवाजाच्या तक्रारी झाल्या. डोंबिवलीकराला हे दृश्य परके वाटू नये. बेजिंगच्याच चांगपिंग भागात ‘ह्वाबो दागू’ म्हणजे सजवलेली झांज आणि मोठा ढोल, असा एक प्रकार आहे. त्यात ढोल मोठी माणसे वाजवतात आणि झांजा घेऊन लहान मुले नाचतात. तो राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या सूचीत आहे, आणि अशा सूचीतील कलांसाठी तेथील शासन ‘प्रातिनिधिक वारसदार’ नेमून त्यांची नावे नोंदवते. नोंदीमुळे कला गोठते, एकाला वारस ठरवल्याने शेजारचे दहाजण बेवारस होतात, हे आक्षेप त्या पद्धतीवर घेता येतात. तरीही लिहून देणाऱ्याची बाजू तेथे कोरी नाही, एवढे तिने टिपून ठेवले.

निबंधाच्या शेवटी तिने एक तक्ता जोडायचे ठरवले. पथकातील प्रत्येक ‘हात’, तो कोणाकडून आला, त्याला कोणाकडून आला. चौकशी सोपी होती आणि लवकर संपली. पथकप्रमुखाने पुण्यातील एका पथकाचे नाव सांगितले, त्या पथकातील माणसाने एका शाळेचे, शाळेतील निवृत्त शिक्षकाने ‘गावाकडून यायचे ते ताशेवाले’ असे सांगितले. तीन पायऱ्यांत नावे संपली आणि अनेकवचन सुरू झाले. तक्त्याचा शेवटचा स्तंभ सर्वत्र सारखाच दिसू लागला.

एक नाव तिला घरातच मिळेल असे वाटत होते. तिचे आजोबा सातारा जिल्ह्यातले. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांच्या वस्तीने गावकीची कामे सोडली. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. वस्तीने त्याची वाट पाहिली नव्हती. सोडलेल्या कामांत मेलेली ढोरे ओढणे होते, सांगावा नेणे होते आणि पाटलाच्या घरचे कार्य असले की पुढे हलगी वाजवणे होते. आजोबांनी वडिलांची हलगी स्वतःच्या हाताने फोडली आणि ते विशीत कल्याणला आले, रेल्वेत चिकटले. घरात कधीही चामड्याचे वाद्य आले नाही. नात पथकात जाऊ लागली तेव्हा त्यांनी आडकाठी केली नव्हती, एवढेच विचारले होते, “वाजीव म्हणून कोन सांगतं तुला?” “कुणी नाही, आबा. माझी मीच जाते.” “मग जा.” पथकात तिने झांज निवडली ती वजनाला हलकी म्हणून, असे ती सांगत असे. निबंध लिहिताना तिला पहिल्यांदा वाटले, की ढोलाकडे हात न जाण्याला आणखीही कारण असावे. धातूला कोणाचेच कातडे नसते.

लोकतत्त्वाचा गौरव करणाऱ्या लेखनात ही बाजू क्वचित येते. वाद्य टिकले नाही याची हळहळ तेथे असते. पण वाद्य सोडणे ही काहींसाठी आत्मसन्मानाची कृती होती, हे ध्यानात घेतले जात नाही. ज्या काळात एक समाज हलगी खाली ठेवत होता त्याच्या मागोमाग दुसऱ्या समाजातील मुले ढोल उचलत होती. पहिल्यांना तो वाजवण्याची सक्ती होती, दुसऱ्यांना हौस. दोघांच्या हातांतली लय शास्त्रीय विश्लेषणात एकच निघेल. मर्ढेकरांचा विरोधलयीचा नियम येथे अनपेक्षित अर्थाने लागू पडतो. मात्र हा विरोध कृतीच्या अंतर्गत नाही, आणि त्याला समतोलाकडे नेणारे आवर्तन अजून कोणी बांधलेले नाही.

तिने आजोबांना तक्ता दाखवला. हलगीचे बोल त्यांना अजून आठवत असणार, असे तिला वाटत होते. आणि गावठी हाताशी त्यांतला एखादा जुळला तर त्या स्तंभात निदान एक नाव येईल. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजोबांनी चष्मा लावून तक्ता वाचला. तिने ‘हस्तांतर’, ‘लिहून देणार’ या संज्ञा समजावून सांगितल्या. त्यांना त्या लगेच कळल्या. कल्याणची खोली घेताना त्यांनीच खरेदीखतावर सही केली होती. बोल आठवतात का, यावर ते काही बोलले नाहीत. त्यांची बोटे खाटेच्या कडेवर क्षणभर हलली आणि थांबली.

“माझं नाव घालू नगंस,” ते म्हणाले. “मी ते कुनाला दिलेलं न्हाई. मी ते टाकलंय.”

परिसंवादात निबंध वाचला गेला तेव्हा चर्चा ‘हस्तांतर’ या संज्ञेवर झाली. ती साहित्यशास्त्रात बसते का, तिच्यामुळे लयीच्या स्वायत्ततेला बाध येतो का, असे प्रश्न आले. अध्यक्षांनी ती संज्ञा उपयुक्त असल्याचे नमूद केले. तक्त्याविषयी कोणी विचारले नाही. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत, ज्या स्तंभात इतरत्र ‘अज्ञात’ असे छापले होते, तेथे तिने हाताने ‘टाकलेले’ असा शब्द लिहिला होता. खरेदीखताच्या नमुन्यात अशा नोंदीला जागा नसते. तिनेही वेगळा स्तंभ आखला नव्हता. शब्द रेघेबाहेर गेला होता, तो तसाच राहू दिला होता.